ताटावर आडवा हात

माझ्या पत्नीच्या स्वयंपाकाविषयी माझ्या अनेक तक्रारी आहेत आणि त्यांपैकी बहुतेक खऱ्या आहेत. हे आरंभीच नमूद करून ठेवतो. पुढे जे सांगायचे आहे त्यात मी वारंवार तोंडघशी पडणार आहे आणि त्यामुळे वाचकाचा असा ग्रह होण्याचा संभव आहे की, तनुजा म्हणजे साक्षात अन्नपूर्णा असून मी तिच्या हातच्या अमृताला नावे ठेवणारा करंटा आहे. मी करंटा असेनही. अन्नपूर्णेचे मात्र तसे नाही. तिच्या आमटीत मीठ कधी दोनदा पडते, कधी पडतच नाही. तिच्या गॅसला एकच आच ठाऊक आहे, मोठी. पोळी तव्यावर टाकून ती बाल्कनीत जाते, खाली सोसायटीच्या मोकळ्या जागेत खेळणाऱ्या मुलींना "पाय उचला गं, पाय" असे ओरडून सांगते, आणि तेवढ्या वेळात त्या पोळीचे काय झाले हे मला जेवताना समजते.

तनुजा आकुर्डीतल्या एका मुलींच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. तिचे माहेर चाकणजवळच्या महाळुंग्याचे, जुने शेतकरी घराणे. लहानपणी ती बांधावरून पळत शाळेत गेली, महाविद्यालयात कबड्डी खेळली, आणि आता पन्नाशीला टेकली तरी चालणे ही क्रिया तिला नीट साधलेली नाही. ती पळते. भाजी आणायला पळते, बँकेत पळते, लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या घोड्याच्याही पुढे असते. रोज सकाळी आम्ही दोघे निगडीच्या दुर्गा टेकडीवर जातो. ती टेकडी दोनदा चढते. मी एकदा चढतो आणि त्या एकदाचेही दोन भाग करतो. परत येताना लोक आम्हांला "फिट जोडपे" म्हणतात, तेव्हा त्यातला अनेकवचनी भाग केवळ सौजन्याचा असतो, हे मला कळते.

मी मूळचा चिंचवडचा. वडील संस्कृतचे शिक्षक होते, आणि आमच्या घरी जेवण हा परीक्षेचाच एक प्रकार होता. पान स्वच्छ असावे, चावण्याचा आवाज होऊ नये, आणि वाढणारा दुसऱ्यांदा आला की ताटावर हात आडवा धरून "पुरे" म्हणावे. दुसऱ्यांदा मागणारा मुलगा हावरट, अशी आमच्याकडची व्याख्या होती. या परीक्षेत मी नेहमी पहिला येत असे. अन्य परीक्षांत तसे घडले नाही, म्हणून मी आज महाळुंग्याच्या एका कारखान्यात मोटारींना लागणाऱ्या रबरी भागांमधील दोष शोधतो. माझे सासरे अर्जुनराव सांगतात की, आमची शेड जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांचा वाटाणा असे. त्या मातीत त्यांनी वाटाणा पिकवला. मी तक्रारी पिकवतो.

ग्राहकाकडून तक्रार आली की तिचे मूळ शोधायचे, हे माझे काम. त्याची एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. एकामागून एक "का?" विचारत जायचे, आणि पाचव्या "का"च्या आत खरे कारण हाती लागते. ही पद्धत घरी वापरू नये असे आम्हांला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेले नव्हते.

"भाकरी का मोडली?" मी एकदा विचारले.

"थापताना चीर गेली."

"चीर का गेली?"

"पीठ जुनं होतं."

"पीठ जुने का होते?"

"तुम्ही गिरणीत गेला नाहीत म्हणून."

मूळ कारण सापडले की तपास थांबवायचा, असा नियम आहे. मी थांबवला.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत माझ्या सासूबाईंनी, अंबुबाईंनी, मला बजावले होते, "पाव्हणं, अन्नाला नावं ठिवू न्हाई." मला ते पाळता आले नाही. तनुजाने त्यावर स्वतःचाच तोडगा काढला. नावे ती ठेवू लागली. वरण पातळ झाले आणि माझे नाक आक्रसले की ती म्हणायची, "आज इंद्रायणी आहे." कडक पोळीचे नाव क्लचप्लेट. करपलेली भेंडी म्हणजे डांबरीकरण. मीठ जास्त झाले तर अरबी समुद्र. मी तक्रार करायची, तिने नाव ठेवायचे, आणि मग दोघांनी ते संपवायचे, असे आमचे वर्षानुवर्षे चालले होते. मुलगा ओंकार नोकरीसाठी बंगळुरूला गेला. सकाळी टेकडीवर ती माझ्यापुढे पळत असते, म्हणून बोलणे होत नाही. नंतर तिची शाळा आणि माझी कंपनीची बस. संध्याकाळचे ते जेवण एवढेच काय ते आम्हां दोघांच्या वाट्याला उरले होते. मला त्याचे मोल ठाऊक नव्हते, कारण त्यात दोष पुष्कळ होते.

यंदा थंडीत माझ्या रक्तातील साखर सीमारेषेवर येऊन उभी राहिली. त्याच सुमारास कंपनीत आरोग्य सप्ताह झाला आणि मिनल नावाच्या एक तरुण प्रशिक्षिका "सजग आहार" या विषयावर बोलायला आल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा. जेवताना बोलू नये, पडद्याकडे पाहू नये. पहिला घास डोळे मिटून घ्यावा. आणि पोटात थोडी जागा असतानाच हात थांबवावा.

माझा सहकारी कुलदीप शेजारी बसला होता. तो पुटपुटला, "राव, बत्तीस वेळा चावत बसलो तर सेकंड शिफ्टवाले येऊन आपलं ताट उचलतील."

मला मात्र भरून आले. माझ्या वडिलांनी विनामूल्य सांगितलेल्या गोष्टी एवढ्या मोठ्या पडद्यावर प्रथमच पाहत होतो. त्याच संध्याकाळी मी तनुजाला सारे नियम समजावून सांगितले. तिने पोळी लाटता लाटता ऐकून घेतले.

"म्हणजे जेवताना तुम्ही बोलणार नाही?"

"नाही."

"एक शब्द नाही?"

"नाही."

"मिनलताईंचा नंबर आहे का? त्यांना साडी पाठवते."

पहिले काही दिवस ती खरोखरच प्रसन्न होती. नंतर एकदा आमटी वाढताना म्हणाली, "अहो, तोंडानं गप्प आहात, पण भुवया बोलतायत. त्यापेक्षा तोंडानं बोला, ऐकायला तरी सोपं जाईल." माझा घास एकोणिसाव्या चर्वणावर होता.

मग तो रविवार आला. अर्जुनराव आणि अंबुबाई वाटाण्याच्या शेंगांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. तनुजाच्या माहेरी पाहुणचार म्हणजे मासवडी. नावात मासा असला तरी तिच्यात मासा नसतो. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण पसरायचे, फडक्याच्या मदतीने गुंडाळून माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या कापून तिखट रश्श्याबरोबर वाढायच्या. हे काम आजवर अंबुबाईच करीत. यंदा त्यांचा खांदा धरला होता, म्हणून तनुजा म्हणाली, "आई, तू बस. मी करते."

ती सकाळपासून ओट्यापाशी होती. एकदाही बाल्कनीत गेली नाही. गॅसची आच बारीक होती. मी दोनदा पाणी प्यायला आत गेलो, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मला दोष दिसतात. दोष नसला तर मला काहीच दिसत नाही.

पाने मांडली गेली. मी डोळे मिटून पहिला घास घेतला.

"पाव्हण्यांस्नी झोप लागली का काय?" अर्जुनरावांनी हळूच विचारले.

"न्हाई," अंबुबाई म्हणाल्या, "जप करत्यात."

वडी उत्तम होती. सारण खमंग, कड एकसारखी, रस्सा नाकातून पाणी काढणारा. चावता चावता मी पूर्ण तपासणी केली आणि मला एकही त्रुटी सापडली नाही. तेवढ्यात तनुजा परात घेऊन माझ्यापाशी आली. कपाळावरचा घाम मनगटाने पुसत म्हणाली, "वाढू?"

पोटात थोडी जागा होती. म्हणजे मिनलताईंच्या नियमानुसार थांबण्याची वेळ हीच. वडिलांच्या नियमानुसारही हीच. दोन शिस्ती एका ठिकाणी येऊन मिळाल्या आणि माझा हात आपोआप ताटावर आडवा झाला.

"एक तरी घ्या."

"नको. पुरे."

ती परात धरून तशीच उभी राहिली. काहीतरी बोलणे अपेक्षित आहे, एवढे मला उमगले. कंपनीत एखादा भाग सर्व कसोट्यांना उतरला की मी एक शेरा लिहितो. तिथे तो इंग्रजीत असतो; घरी मी त्याचे शुद्ध मराठीकरण केले.

"स्वीकारार्ह आहे," मी म्हणालो. "सुधारणेस वाव आहे."

माझ्याकडे याहून वरचा शेरा नाही. निर्दोष असे आम्ही कशालाच लिहीत नाही, कारण उद्या ग्राहकाची तक्रार आली तर सही आमची असते.

"म्हंजी काय झालं?" अंबुबाईंनी विचारले.

"म्हंजी पोरगी पास झाली," अर्जुनराव म्हणाले आणि स्वतःचे ताट पुढे सरकवले. "वाढ बाय."

तनुजाने वडिलांना वाढले, आईला वाढले आणि आत गेली. त्या दिवशी तिने कशालाच नाव ठेवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावरून आली की ओट्यापाशीच उभी राहून जेवू लागली. माझे ताट टेबलावर झाकून ठेवलेले असे.

"तू नाही बसत?"

"तुम्हाला शांतता लागते ना. जेवा सावकाश."

सजग आहारासाठी याहून आदर्श वातावरण असू शकत नाही, हे मला मान्य करावे लागेल. संभाषण नाही, पडदा नाही, घाई नाही. मी बत्तीस वेळा चावत असे आणि फ्रिजचा आवाज ऐकत असे. एकदा वरण फारच पातळ होते. मी तसे मोठ्याने म्हणालो. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला, तो थांबला, पण इंद्रायणी काही आली नाही. मी ते वरण नावाशिवाय प्यायलो.

मग मी माझ्या पद्धतीने मूळ कारणाचा शोध घेतला. तनुजा वेगळी का जेवते? रागावली म्हणून. का रागावली? माझ्या शेऱ्यामुळे. तिसऱ्या "का"ची गरजच पडली नाही, याचा मला अभिमानही वाटला. मी शब्दांची जुळवाजुळव केली आणि ती इस्त्री करीत असताना तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"त्या दिवशीच्या माझ्या शेऱ्यातील 'सुधारणेस वाव' हा भाग मी मागे घेत आहे."

"बरं."

"म्हणजे आता केवळ 'स्वीकारार्ह' एवढेच उरते."

"तेही ठेवा तुमच्याकडेच," ती म्हणाली आणि शर्टाची कॉलर उलटी केली.

त्यानंतर मी स्वतः पिठले करून पाहिले. तिला बसून खाता यावे असा हेतू होता. बेसन थेट उकळत्या पाण्यात घातले तर त्याच्या गोळ्या होतात, हे मला तेव्हा समजले. त्यातील काही गोळ्या आमच्या कारखान्यातील रबरी भागांच्या आकाराच्या होत्या आणि मापात अधिक अचूक होत्या. तनुजाने पातेल्यात डोकावून पाहिले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात एक नाव येऊन थांबलेले मला स्पष्ट दिसले. तिने ते गिळले. "माझं झालंय जेवण," असे म्हणून ती बाहेर निघून गेली. त्या गोळ्या मी एकट्याने खाल्ल्या. त्यांना मात्र बत्तीस वेळांची खरोखर गरज होती.

एवढ्या प्रयत्नांनंतर मी माझ्या मते शेवटचा उपाय केला. संध्याकाळी कंपनीची बस सोडून दिली आणि चालत सासरी गेलो. अंबुबाई ओसरीवर मेथी निवडत होत्या, अर्जुनराव बाजेवर बसून शेंगा फोडत होते. चहा झाला. मी प्रास्ताविक केले, शेऱ्याचा पूर्वेतिहास सांगितला, त्याचा तांत्रिक अर्थ स्पष्ट केला. अंबुबाईंनी मेथीची एक जुडी संपेपर्यंत सारे ऐकून घेतले.

"त्या बोलण्याचं म्हणता व्हय?" त्या म्हणाल्या. "त्ये आमास्नी कळलंच न्हाई. कळलं न्हाई तर वाईट कशाचं वाटंल?"

"मग तनुजा का रागावली?"

"तुमी हात आडवा क्येला."

मला समजेना. हात आडवा धरणे ही सभ्यता आहे, असे मी सांगितले. अर्जुनराव हसले.

"पाव्हणं, आमच्यात जेवण चांगलं झालं आसं कुणी तोंडानं म्हणत न्हाई. म्या एकदा म्हणलं, तर ही म्हणती, काय पायजेल तुमास्नी? ताट म्होरं करायचं. त्यात समदं आलं."

"लगीन झाल्यापास्नं तुमी एकदाबी दुसऱ्यांदा घेतलं न्हाई," अंबुबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकणे मला अवघड गेले. "पोरगी म्हणायची, त्यांच्यात रीतच न्हाई आई. पर मासवडीला तरी घ्याल, आसं वाटलं व्हतं तिला."

"पण हे मला कोणीतरी सांगायला हवे होते," मी म्हणालो. एवढ्या वर्षांची कार्यपद्धती आणि ती कोठेही सांगितलेली नाही, हा माझ्या दृष्टीने गंभीर दोष होता.

"सांगून मागितलं तर त्येला काय चव?" अंबुबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी जुडी सोडली.

कंपनीची बस गेलेली होती. तळवड्याच्या बाजूने बस बदलत, वाहनांच्या रांगांतून, काही अंतर पायी चालत मी घरी आलो तेव्हा पोटात अक्षरशः खड्डा पडला होता. चहाव्यतिरिक्त दुपारपासून काही नव्हते. स्वयंपाकघरातून किंचित करपट वास येत होता. तनुजा ट्रॅकसूटमध्येच ओट्यापाशी उभी राहून खिचडी खात होती. माझे ताट टेबलावर झाकलेले होते. मी ते उचलले, आत गेलो, तिच्या शेजारी उभा राहिलो आणि खाऊ लागलो. बत्तीस तर सोडाच, किती वेळा चावले ते मला आठवत नाही. ताट रिकामे झाल्यावर मी ते पुढे केले.

"वाढ."

तिने माझ्याकडे पाहिले. मग ताटाकडे पाहिले. एक डाव खिचडी वाढली. मी ती संपवली आणि पुन्हा ताट पुढे केले.

"महाळुंग्याला गेला होतात," ती म्हणाली.

"हो."

"आईनं सांगितलं तुम्हाला."

"हो."

"मग हे काही खरं नाही." तिने डाव पातेल्यात ठेवून दिला. "सांगितल्यावर कुणीही करेल."

तिचे म्हणणे बिनतोड होते. पुढे केलेले ताट मागे घ्यावे की तसेच धरावे, याविषयी माझ्या दोन्ही गुरूंनी काहीच सांगून ठेवलेले नव्हते. मी ताट धरून उभा राहिलो आणि दुसरे काही सुचेना म्हणून खरे ते बोललो.

"खारट आहे."

"माहीत आहे."

"तळाला लागली आहे."

"तेही माहीत आहे."

"मग ती तळाची खरवड मला दे."

हे मी मिनलताईंसाठी म्हणालो नाही आणि अंबुबाईंसाठीही नाही. मोठ्या आचेवर पातेल्याच्या बुडाशी जो तांबूस, कुरकुरीत थर धरतो, त्याचा वास मला दारातच आला होता. एवढी वर्षे तो शेजारच्या खोलीत टेबलाशी बसून मला येत असे आणि मी त्याची गणना दोषांत करीत असे. आज भूक लागली होती.

तनुजाने पातेले स्वतःकडे ओढले. "ती माझी असते."

"नेहमी?"

"नेहमी. तुम्ही पुरे म्हणून उठलात की मी आत येऊन खाते."

"अर्धी दे."

"साखर वाढेल तुमची."

"उद्या टेकडी दोनदा चढेन."

"एकदा तर धड चढा," ती म्हणाली, पण उलथने हातात घेतले होते. तिने बूड खरवडले. थर एकसंध निघाला. तिने त्याचे दोन तुकडे केले, दोन्ही तुकड्यांकडे पाहिले, मोठा स्वतःच्या ताटात ठेवला आणि धाकटा माझ्या. मग स्वतःचे ताट उचलून ती टेबलाकडे निघाली. मी मागोमाग गेलो. ती नेहमीच्या खुर्चीवर बसली. मी माझ्या.

आम्ही खाल्ले. खरवडीचा आवाज एवढा होत होता की माझे वडील असते तर पानावरून उठले असते. काही वेळाने मी विचारले, "हिचे नाव काय?"

तनुजा बराच वेळ चावत राहिली. तिने डोळेही मिटले होते. मी घास हातात धरून वाट पाहत बसलो, आणि त्या अवधीत माझ्या भुवया काय करीत होत्या हे मला ठाऊक नाही.

"सुधारणेस वाव," ती म्हणाली.

मी खाली पाहून हसलो. ती उठली, आतून पातेले घेऊन आली आणि त्यात डाव फिरवत म्हणाली, "सुधारणेस वाव अजून थोडी उरलीये. घेता?"

माझा घास संपला होता आणि दोन्ही हात टेबलाखाली होते. मी ते तिथेच ठेवले.

खिचडी खारट होती, हे मी येथे पुन्हा एकवार नमूद करतो. त्यापायी मला रात्रभर पाणी पीत राहावे लागले, आणि सकाळी टेकडीच्या पहिल्याच वळणावर मी कठड्याला टेकून बसलो. तनुजा तोवर वर जाऊन परत खाली येत होती. माझ्याजवळून जाताना ती थांबली नाही, फक्त वेग थोडा कमी केला.

"काय, वाढू का अजून?" तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पुढे पळाली.